शोधपेटी आपली, दारं कुणाची?

गेल्या महिन्यात मी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर निबंध लिहीत होते. १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेला हा आपल्या गोव्याचा ग्रंथ. माझा विषय होता आदाम आणि एवेला झालेली शिक्षा. ब्राउझरच्या शोधपेटीत ‘शिक्षा’ टाकलं, तर समोर शाळाप्रवेश आणि सरकारी शिक्षण योजना! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण ना. मैत्रीण म्हणाली, “दोन्हींत फारसा फरक आहे का गं?” आम्ही हसलो, पण निबंध तिथेच अडला.

लिपी एकच आणि हिंदी मजकूर अफाट. त्या गर्दीत मराठी शब्द हरवतो. म्हणून माझं म्हणणं असं की, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपली शोधदारं स्वतः बनवावीत.

हे वाटतं तितकं अवघड नाही. ॲमेझॉनच्या ए-नाइन कंपनीने २००५ मध्ये ‘ओपनसर्च’ नावाचा साचा आणला आणि फायरफॉक्सने २००६ मध्ये तो स्वीकारला. एक छोटी एक्सएमएल फाइल, तिच्यात दाराचं नाव आणि त्या संकेतस्थळाच्या शोधाचा पत्ता. पत्त्यात आपला शब्द जिथे बसायचा, तिथे महिरपी कंसात ‘सर्चटर्म्स’ लिहायचं. या फाइलचा दुवा असलेलं पान फायरफॉक्समध्ये उघडलं की ते दार ब्राउझरला जोडता येतं.

मी पहिली फाइल हाताने लिहिली, चालली. दुसरी काही केल्या चालेना. पत्त्यात ‘अँड’चं चिन्ह होतं आणि एक्सएमएलमध्ये ते तसंच लिहून चालत नाही. तेव्हा चुलतभावाला सोबत बसवून पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. एका तक्त्यात नावं आणि पत्ते. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचते, अशी चिन्हं सुधारते आणि प्रत्येक ओळीची फाइल युटीएफ-८ मध्ये लिहून देते. आता माझ्याकडे तीन दारं आहेत: शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेला मोल्सवर्थचा कोश, मराठी विश्वकोश आणि विकिस्रोत.

“हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम,” असं वर्गात ऐकलं. स्क्रिप्ट त्यांच्याकडून घ्या हवी तर. पण तक्त्यात कुठला कोश घ्यायचा, कुठला गाळायचा, हे कोण ठरवणार? ते आपलंच काम. संदर्भ निवडणं हा आपल्या अभ्यासाचाच भाग आहे.

अडचणी आहेतच. संकेतस्थळाने पत्ता बदलला की दार बंद पडतं. पण मग तक्त्यातली एक ओळ बदलायची आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. शिवाय जे कुणी ऑनलाइन ठेवलेलंच नाही, ते या दारांतूनही मिळणार नाही. त्यासाठी लायब्ररी आहेच.

माझी मंडळाला एक सूचना आहे. असा एक तक्ता आपण मिळून ठेवूया. प्रत्येकाने एक खात्रीचं संकेतस्थळ सुचवायचं आणि ते का, हे दोन ओळींत सांगायचं. पुढच्या वर्षीच्या मुलांना निदान ‘शिक्षा’ शोधताना शिक्षा होणार नाही!