जखमा बांधल्या किती, भरल्या किती?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत दिवसभरात किती जणांची मलमपट्टी झाली याचा आकडा मिळतो. त्यांतील किती जखमा भरल्या, किती चिघळल्या आणि किती जणांना अखेर पाऊल गमवावे लागले, हा हिशेब मात्र तीत सहसा सापडत नाही. एकच जखम भरत नाही म्हणून वीस वेळा बांधली, तर कागदावर काम वीसपट होते! अपयशालाच कामगिरी ठरविणारी ही रीत आहे.

शुश्रूषेचा दर्जा मोजता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ सालीच ब्रिटिश राज्यकर्त्यांना निरुत्तर केले होते. साधने, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी सेवा पारखावी, असे अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडले. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची जखम चार आठवड्यांत निम्म्यावर आली नाही, तर ती बारा आठवड्यांत भरण्याचा संभव कमी, हेही आता ठाऊक आहे. ते कळण्यास यंत्र लागत नाही. कागदी मोजपट्टी आणि दर आठवड्याची नोंद पुरते. पायाची संवेदना तपासली काय, जखमेवर भार पडू नये अशी व्यवस्था सांगितली काय, वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविले काय, हे परिचारिकेच्या कामाचे खरे माप होय.

परंतु हेच माप हाती घेऊन परिचारिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह वरिष्ठांना होईल. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असे शासनाचेच प्रमाण आहे. प्रसूती आणि लसीकरण सांभाळून उरलेल्या वेळात तिने जखमा धुवायच्या! निर्जंतुक गॉज संपले असता जखम चिघळली, तर दोष अंदाजपत्रकाचा. म्हणून रिक्त पदे आणि संपलेले साहित्य यांची नोंद त्याच तक्त्यात, जखमेच्या शेजारच्या रकान्यात झाली पाहिजे.

आणि फडावर कोयता लागलेला बीडचा ऊसतोड मजूर? टोळीबरोबर तो गावोगाव फिरतो, प्रत्येक केंद्रात 'नवा रुग्ण' ठरतो. जखम मात्र तीच असते. जखमेचे माप आणि तारखा लिहिलेले कार्ड त्याच्या हाती देण्याचा आदेश गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी निघाला पाहिजे.