वाळल्या गवताचें खोटें सुतक

हल्लीं छायाचित्रांच्या प्रदर्शनांतून वाळलेल्या गवताचीं निकटचित्रें दिसूं लागलीं आहेत, ही आम्हांस आनंदाचीच गोष्ट वाटते. परंतु त्यांखालचीं नांवें वाचलीं कीं तो आनंद मावळतो. कोठें ‘शरदाचा अंत’, कोठें ‘वैराग्य’, कोठें ‘जीवनसंध्या’! हें दुःख आमच्या ऋतूंचें नव्हे. ज्या देशांत शरदांत पानें गळतात आणि पाठोपाठ बर्फ येतें, तेथील कवींनीं त्या ऋतूस विषादाचा रंग दिला, तो त्यांना शोभतो. तीं काव्यें आम्ही शिकलों, पुष्कळांना शिकविलींही. पण आपला शरद म्हणजे कोजागरीचें चांदणें आणि खळ्यांतली बाजरी. आपल्याकडची पानगळ शिशिरांतली.

जुन्नर तालुक्यांतील खोडदचेंच उदाहरण घ्या. तेथील रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकीं १४ गांवाजवळ एकवटल्या आहेत, बाकीच्या तीन दिशांना पसरल्या आहेत. कॅमेरा घेऊन येणारा मनुष्य त्यांच्याकडे मान वर करून पाहतो, यांत नवल नाहीं. पण दिवाळीनंतर या टापूंतल्या बांधावर गुडघे टेकून कुसळी गवताचा एक तुरा भिंगाखालीं पाहावा. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ आपल्याला चटकन दिसतें. माळावरचें दिसत नाहीं, एवढेंच. प्रत्येक दाण्याला बोटभर लांब, तांबूस-काळी शेपटी असते. ती सुकतांना दोराप्रमाणें पिळते. दंव पडलें कीं पीळ सुटतो, उन्हानें पुन्हां चढतो. या पिळण्या-उलगडण्यानें टोकदार दाणा गिरमिटासारखा मातींत शिरतो. मेंढीच्या कातड्यांतही शिरतो, हें धनगरास विचारावें. आणि ज्या ठोंबास आपण मेलेला म्हणतों त्याचीं मुळें जिवंतच असतात. पहिल्या पावसांत तेथूनच फुटवा येतो. अशा गवतास मृत्यूचें प्रतीक म्हणणें म्हणजे पेरणीच्या दिवशीं शेतकऱ्याच्या दारीं सांत्वनास जाण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, आपल्या भावना वस्तूवर लादण्याचा कलावंतास अधिकार आहे. असेल. पण बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्टनें १९२८ सालीं वनस्पतींचीं कैकपट मोठीं केलेलीं छायाचित्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं, त्यांत देठ हा देठच आहे आणि अंकुर हा अंकुरच. साधी पार्श्वभूमि, पाहणारास अश्रु ढाळण्याची आज्ञा नाहीं.

ही तक्रार केवळ शीर्षकांपुरती नव्हे. वाळलें तें मेलें आणि मेलें तें निरुपयोगी, ही समजूत सरकारी कागदांतही शिरली आहे. भारत सरकारच्या २०१९ सालच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत खालावलेलीं चराऊ कुरणें आणि झुडपी माळ यांची गणना ‘पडीक’ म्हणूनच आहे. एकदां पडीक ठरलें कीं खड्डे खणून झाडें लावणारे परोपकारी येतात. चंडोल, लांडगा, मेंढरें यांनीं कोठें जावें हें कोणी पुसत नाहीं. अशा वेळीं माळाच्या बाजूनें साक्ष देऊं शकणारा कॅमेरा, तोही उसासे टाकीत बसला तर निकाल काय लागणार?

आमचें मागणें थोडें आहे. चित्राखालीं गवताचें नांव लिहावें, कुसळी, पवना, मारवेल, जें असेल तें. गांव लिहावें, महिना लिहावा. ज्यास नांव ठाऊक नसेल त्यानें गुराख्यास विचारावें. तो सांगेल, आणि फुकट सांगेल.