पार्टचा क्रमांक कोणी निवडला?

संपादक महोदय,


मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचे पत्र आपल्या अंकात वाचले. गिऱ्हाईक चुकीचा पार्ट मागवते आणि मग पैसे परत मागत दारात उभे राहते, हा भुर्दंड आम्ही का सोसायचा, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण पार्ट गिऱ्हाईकच निवडते हे त्यांनी गृहीत धरले आहे. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या काही गॅरेजांचे हिशेब पाहतो. शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर गिऱ्हाईक तोंडी नाव सांगते, फार तर आरसी पुढे करते. कॅटलॉग उघडून क्रमांक काढतो तो काउंटरवरचा माणूस. संगणकाचा पडदाही त्याच्याच बाजूला वळवलेला असतो.

चूक होते कशी, तेही सांगतो. मिस्त्री म्हणतो, ‘क्लीनर साइडचा लोअर आर्म गेलाय.’ मालक बॉनेटसमोर उभा राहून पाहतो आणि फोनवर ‘उजवीकडचा’ म्हणून सांगतो. काउंटरवाल्याच्या लेखी उजवी म्हणजे ड्रायव्हर साइड. चार दिवसांनी खोके येते, पार्ट अस्सल असतो, फक्त दुसऱ्या बाजूचा असतो. वर्षांचाही असाच घोळ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा सायलेन्सरपासून सेन्सरपर्यंत बरेच काही बदलले. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पासिंग झालेल्या गाड्यांत दोन्ही तऱ्हेच्या गाड्या आहेत. नुसते साल विचारून पार्ट काढला तर तो बसेलच असे नाही. चासी नंबर मात्र सतरा अक्षर-अंकांचा असतो, आरसीवर छापलेला असतो आणि तो कॅटलॉगमध्ये टाकला की नेमकी तीच गाडी समोर येते. तो न विचारता ऑर्डर टाकणे ही गिऱ्हाइकाची चूक कशी?

इथे कायद्याबद्दल दोन्हीकडे गैरसमज आहेत. गिऱ्हाईक ग्राहक संरक्षण कायद्याचे नाव घेऊन तीस दिवसांत पैसे मागते. २०१९ च्या कायद्यात ती तीस दिवसांची तरतूद आहे खरी, पण सदोष मालासाठी आणि तीही बिलावर वेगळी मुदत दिलेली नसेल तर. दुसऱ्या बाजूचा लोअर आर्म सदोष नसतो, त्यामुळे ते कलम इथे लंगडे पडते. व्यापारी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरच्या ओळीकडे बोट दाखवतो. ती ओळ छापली म्हणून सगळी जबाबदारी झटकता येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम पाहा. माल कशासाठी हवा हे गिऱ्हाइकाने सांगितले, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो माल पुरवणे हाच त्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, ही अट न लिहिताही लागू होते. गाडीची आरसी दाखवून ‘हिला बसणारा द्या’ म्हणणे यात बसत नसेल, तर मग काय बसणार? उलट गिऱ्हाइकाने जुन्या पार्टवरचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘हाच द्या’ म्हटले असेल, तर त्याने विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असे म्हणता येणार नाही. तिथे मी व्यापाऱ्याच्या बाजूने आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पार्टच्या प्रत्येक ऑर्डरवर आणि बिलावर चासी नंबर लिहा. त्या गाडीला पार्ट बसला नाही तर पूर्ण पैसे परत, अ‍ॅडव्हान्ससकट. गिऱ्हाइकाने क्रमांक दिला असेल तर तसे लिहून त्याची सही घ्या. अशा वेळीही सील न फोडलेले खोके ठरावीक मुदतीत परत घ्यायला हरकत नसावी. वाहतूक आणि हाताळणीपोटी काही टक्के कापा, पण ते किती हे ऑर्डर घेतानाच सांगा. परत देताना तोंड पाहून ठरवू नका. गाडीला जोडून पाहिलेले इलेक्ट्रिकल पार्ट, ईसीयू, एअरबॅग हे मात्र परत घेऊ नयेत. एअरबॅग आधी कोणी हाताळली आहे, हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळणार कसे?

‘बिल झाले, जीएसटी भरला, आता उलटे होत नाही’ ही सबब तर रोज ऐकू येते. जीएसटी कायद्याच्या चौतिसाव्या कलमात परत आलेल्या मालासाठी क्रेडिट नोट आहे, आणि तिचा कर जुळवून घ्यायला विक्री झाली ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. खरेदीदार नोंदणीकृत गॅरेज असेल तर त्यानेही आपले इनपुट क्रेडिट उलटवायचे, इतकेच. हिशेब लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे फार मोठे काम नाही.

खरी अडचण व्यापारी पत्रात लिहीत नाहीत, कारण ती वर बोट दाखवते. कंपन्या वितरकाकडून पार्ट परत घ्यायला सहसा नाखूश असतात, घेतले तरी अटी घालून. परत आलेला पार्ट मग फळीवर डेड स्टॉक होऊन बसतो आणि त्याचा राग काउंटरवर निघतो. अस्सल पार्ट खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, तो निराळा विषय. पण जिथे गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नसते, तिथे ‘पटत नसेल तर दुसरीकडून घ्या’ हे उत्तर चालत नाही. तेव्हा त्या व्यापारी बंधूंना विनंती, की पुढचे पत्र त्यांनी गिऱ्हाइकांविरुद्ध न लिहिता आपल्या कंपनीला लिहावे आणि न उघडलेली खोकी ती कोणत्या अटींवर परत घेते, हे आपल्या अंकातून आम्हालाही कळवावे.

— एक वाचक, कोल्हापूर