पेटी माशीच्या मापाची घ्यावी



वर्षावास संपत आला की आमच्या माणिकपूरच्या वस्तीत नव्या जोडधंद्याची चर्चा सुरू होते. कुणी पापडाचा विषय काढते, कुणी शिलाई मशीनचा. यंदा बचत गटातील तीन भगिनींनी विहारात आम्हास गाठून विचारले, "भाऊ, मधमाश्यांच्या पेट्या घ्यायच्या म्हणतो. मोठ्या घ्याव्यात की लहान?" या प्रश्नापायी आमचे हात एकदा पोळले आहेत. म्हणून आजचे सदर त्यालाच दिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गटाने कर्ज काढून चार मोठ्या पेट्या घेतल्या. विकणारा म्हणाला, "मोठी पेटी, जास्त मध." गटाचा हिशेब आम्हीच लिहीत होतो. पावत्या तपासल्या, बेरजा जुळवल्या, परंतु पेटीत माशी कोणती आहे हे काही विचारले नाही. माशी होती आपली सातेरी आणि पेटी होती इटालियन माशीची. दहा चौकटींपैकी जेमतेम चार चौकटींवर माश्या बसल्या. उरलेल्या रिकाम्या पोळ्यांत मेणकिड्याने जाळी विणली. भाद्रपद उजाडेपर्यंत चारपैकी तीन पेट्यांतील माश्या उडून गेल्या. माश्या गेल्या, पण कर्जाचा हप्ता काही गेला नाही. ज्या बायांनी घरकामाच्या पैशातून तो फेडला, त्यांच्यापुढे आजही आमची मान खाली जाते.

म्हणून पहिली गोष्ट, पेटी विचारण्याआधी माशी विचारा. आपल्याकडे पेटीत पाळतात त्या माश्या दोन. एक आपली देशी सातेरी आणि दुसरी बाहेरून आणलेली इटालियन, म्हणजे मेलिफेरा. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. सातेरी अंगाने लहान, तिचे कुटुंबही लहान. पोळ्यांमधले अंतर तिला मध्यापासून मध्यापर्यंत ३१-३२ मिलिमीटर लागते, तर इटालियन माशीला ३५. दोघींच्या पोळ्यातील घरांचे मापही वेगळे. एकीचा मेणपत्रा दुसरीला लावला तर काम बिघडते.

माश्यांना फिरण्यापुरती जी फट लागते, तिचे महत्त्व अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली ओळखले. फट जास्त राहिली तर माश्या तिथे आडवेतिडवे पोळे बांधतात, कमी राहिली तर त्यांना फिरता येत नाही. सुट्या चौकटींची पेटी या शोधातून आली. इटालियन माशीची मोठी पेटी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दक्षिण भारतात फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूंनी १९१० नंतरच्या दशकात सातेरीसाठी लहान पेटी बसवली आणि खेड्यातील लोकांना ती वापरायला शिकवली.

आता मापे पाहू. सातेरीसाठी भारतीय मानकात दोन प्रकार आहेत. 'अ' प्रकारात पिल्लांच्या कोठीतील चौकट आतून २१ बाय १४.५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३०४ चौरस सेंटिमीटर. 'ब' प्रकारात ती २८ बाय १५, म्हणजे ४२० चौरस सेंटिमीटर. लँगस्ट्रॉथ पेटीची चौकट साधारण ४३ बाय २०, म्हणजे ८६० च्या घरात. सातेरीच्या लहान चौकटीच्या पावणेतीन पटींहून जास्त! दोन खोल्यांत सुखाने नांदणाऱ्या कुटुंबाला रिकामा वाडा दिला तर झाडायचा कुणी? माश्यांनाही पिल्लांभोवती ३४-३५ अंश ऊब राखावी लागते. रिकामी जागा जितकी जास्त, तितका त्यांचा मध ऊब राखण्यातच खर्च होतो. त्यात आपल्या वसईचा पाऊस आणि ओल.

दुसरी गोष्ट मधाच्या कोठीची. ही कोठी पिल्लांच्या कोठीच्या डोक्यावर बसते आणि उंचीला निम्म्याहून कमी असते. 'अ' प्रकारात तिची चौकट २१ बाय ६.५ सेंटिमीटर. भरली तर तीत साधारण अर्धा किलो मध मावतो, म्हणजे आठ चौकटींत चार किलोच्या आसपास. कुणी म्हणेल, वरही पूर्ण उंचीची कोठी ठेवली तर दुप्पट मध मिळेल. तसे होत नाही. फुलोरा थोडे दिवस टिकतो. लहान कोठी तेवढ्यात भरते आणि माश्या तिच्यावर मेणाची टोपणे चढवतात. मोठी अर्धवट राहते. टोपण न चढलेला मध पातळ असतो, तो बाटलीत आंबतो. खालच्या चौकटी माश्यांनी गच्च भरल्यावरच वरची कोठी चढवावी. ती भरत आली आणि फुले असली, तर आणखी एक लहान कोठी द्यावी.

या दोन कोठ्यांमध्ये आम्हास शीलही दिसते. पारिलेय्यक वनातील कथा आपण ऐकली असेल. माकडाने तथागतांना मधाचे पोळे दिले, परंतु त्यात पिल्ले होती म्हणून त्यांनी ते खाल्ले नाही. माकडाने पिल्ले अलगद बाजूला केली, तेव्हाच त्याचा स्वीकार झाला. चमत्कार म्हणून नव्हे, शिकवण म्हणून ही कथा घ्यावी. पोळे पिळून मध काढला की पिल्लेही चिरडली जातात. वरची कोठी वेगळी असली की तिच्यातील चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढता येतो, पोळे शाबूत राहते आणि खालच्या पिल्लांना धक्का लागत नाही. मात्र खालच्या कोठीतील मध माश्यांचा आहे. पावसाळ्यात त्यांना बाहेर फार थोडे मिळते. तेव्हा त्यालाही हात लावू नये, आणि गरज पडल्यास साखरेचा पाक द्यावा.

मग इटालियन माशी वाईट का? तसे नाही. ती मध पुष्कळ जास्त देते. परंतु तिला मोठा फुलोरा लागतो, आणि तिचे मधपाळ पेट्या ट्रकवर घालून पिकामागून पीक गाठत फिरतात. सकाळची लोकल पकडणाऱ्या आपल्या माणसाला ते कसे जमावे? सातेरी वर्षाला पाच-दहा किलो देईल, पण ती एका जागी राहते. नारळ, केळी, शेवगा, जांभूळ यांवर तिचे भागते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्यालाही एखाद्या वाडीवाल्याच्या संमतीने कोपऱ्यात दोन पेट्या ठेवता येतात. वाडीवाल्याचाही तोटा नाही, फलधारणा वाढते.

घेण्याआधी काही गोष्टी कराव्यात. सोबत फूटपट्टी न्यावी आणि चौकट आतून मोजावी. गटातील सर्व पेट्या एकाच मापाच्या असाव्यात, म्हणजे एकीची चौकट दुसरीत बसते. आपल्यातील सुताराकडून पेटी करून घ्यायची तर त्याला नमुन्याची चौकट द्यावी. लाकूड सुकलेले असावे, आतून रंग नको. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, मुंग्या चढत नाहीत. पेटीचे दार येण्याजाण्याच्या वाटेकडे नसावे, शेजाऱ्यांशी भांडण नको. सुरुवात दोनच पेट्यांनी करावी.

आणि आधी शिकावे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते. निम्मे अनुदान असते आणि निम्मी रक्कम आपली. ती निम्मी रक्कम आपल्या घामाची आहे हे विसरू नये.

बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द आधी ठेवला. आम्ही कर्ज आधी घेतले आणि शिकलो नंतर. तुम्ही तसे करू नका. त्या तिघी भगिनींना आम्ही एवढेच सांगितले, सातेरीची लहान पेटी घ्या, आणि मोजायला आम्हास सोबत न्या. या वेळी पावतीआधी फूटपट्टी आम्ही काढू.

जयभीम.