करोडगिरी अजून संपली नाही!

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. १९४८ साली निजामी गेली, पुढे करोडगिरीही गेली. पण राहायला म्हणून गाडीसह देगलूर ओलांडा, तिची आठवण नक्की होईल.

परदेशात फिरायला गाडी न्यायची तर कार्नेट नावाचं पुस्तक काढतात. हमी द्यायची, मुदतीत गाडी परत आणायची, की तिथलं सीमाशुल्क माफ. आता आपल्याच देशात बघा. लातूरचा एमएच-२४ किंवा नांदेडचा एमएच-२६ नंबर घेऊन मुलगा हैदराबादला नोकरीला गेला. गाडी तिथे १२ महिन्यांच्या वर राहिली, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथला नंबर घ्या. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी आणा, तिथला कर भरा. इथे एकरकमी भरलेल्या करातला उरलेला भाग हवा, तर पुन्हा इकडे अर्ज करा!

म्हणाल, तो पाहुणा आणि हा राहायला गेलेला. बरोबर. पण देश तर एकच ना?

२०२१ साली बीएच मालिका आली. ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना. दुकानदाराने, छोट्या कारखान्यातल्या मुलाने काय घोडं मारलंय? हा पंक्तिप्रपंच कशाला?

रस्त्यांसाठी कर हवा, हे मान्य. पण २०१७ पासून जीएसटीत राज्यांचे हिशेब सरकारं आपसात मिटवतात. गाडीच्या कराचंही तसंच करा. हेलपाटे कागदांनी घालावेत, माणसांनी नव्हे.