पिल्लू आणलं, स्टेटस ठेवलं. लसीचं काय?

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या वरकुट्यात, आणि एकट्या वरकुट्यातच कशाला, सगळ्या इंदापूर-बारामती पट्ट्यात कुत्रं नाही अशी वस्ती सापडायची नाही. घर उसाच्या कडेला, गोठ्यात चार गाया, रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जायचं. कुत्रं लागतंच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पिल्लू आणताना आपण रंग बघतो, कान बघतो, कारवानी आहे का लॅब आहे ते विचारतो, नर आहे ना याची खात्री करतो आणि लगेच स्टेटस ठेवतो. "याला लस कधी द्यायची?" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

मीही विचारला नव्हता, हे आधी कबूल करतो. पोराच्या हट्टापायी महिन्याचं पिल्लू आणलं. आईचं दूध नीट सुटलं नव्हतं. वाटीभर गाईचं दूध आणि त्यात भाकरी कुस्करून दिली. चौथ्या दिवशी जुलाब लागले. मी म्हटलं, दूध बाधलं असेल. मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, पार्व्हो आहे, उशीर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. यापेक्षा मोठा मूर्खपणा म्हणजे पोरगं रडतंय म्हणून मी दोन महिन्यांत त्याच जागेवर दुसरं बिनलसीचं पिल्लू आणून बांधलं. तेही तसंच गेलं. पार्व्होचा विषाणू जमिनीत, फरशीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही, हे मला नंतर कळलं. गावाला बातम्यांतून शहाणपण शिकवणारा माणूस मी. दोन जीव माझ्या अडाणीपणानं गेले.

म्हणून शिकलो ते सांगतो. पिल्लू दोन महिने आईजवळच राहू द्या. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो, डिस्टेंपरची पहिली लस. पुढं तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत पुढचे डोस. एक टोचली म्हणजे झालं असं नसतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा आणि पुढं दरवर्षी. जंताचं औषध वजनावर असतं, ते डॉक्टरांना विचारूनच द्या. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला गल्लीत, दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका.

खाण्याचं म्हणाल तर लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. उकडलेलं अंडं, हाड काढलेलं शिजवलेलं चिकन, मऊ भात, कुस्करलेली भाकरी, आणि स्वच्छ पाणी कायम समोर. गाईच्या दुधानं पोट बिघडत असेल तर दूध बंद. कांदा-लसणाचा रस्सा नको, शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, चॉकलेट नको. आणि आपल्या भागात मुद्दाम सांगायला पाहिजे: द्राक्ष आणि बेदाणा बिलकूल नको. कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

आता कुणी म्हणेल, "आमच्या आज्यानं कुठं कुत्र्याला लस दिली होती?" बापू, आज्यानं गाईला तरी कुठं दिली होती? आज लाळ्या-खुरकूताची लस आपण चुकवत नाही. 2022 ला लम्पी आला तेव्हा डॉक्टर कधी येतात म्हणून रस्त्याकडं डोळे लावून बसलो होतो. गाय दूध देते म्हणून तिला लस, आणि रात्रभर तिच्या गोठ्यापाशी जागणाऱ्याला शिळा तुकडा. रेबीजची लस किलोभर मटणाच्या पैशात होते. पैसे नाहीत हे कारण मला सांगू नका.

शिवाय हे फक्त कुत्र्यापुरतं नाही. 2025 च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू रेबीजनं गेला. नालीत पडलेलं पिल्लू त्यानं बाहेर काढलं, ते बोटाला चावलं. पिल्लू तर आहे, एवढंसं लागलंय, म्हणून त्यानं इंजेक्शन घेतलं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. आपली पोरं दिवसभर पिल्लाच्या तोंडात हात घालून खेळतात. पिल्लू चावलं, ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची भरत बसू नका.

"मोकाट कुत्र्यांचं ग्रामपंचायतीनं बघावं" हे वाक्य पारावर रोज ऐकतो. बघायलाच पाहिजे. 10 मार्च 2023 च्या केंद्राच्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांवर टाकलंय, आणि पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकावर. पण ही मोकाट कुत्री आली कुठून? नर ठेवून घ्यायचा आणि माद्या पोत्यात घालून हद्दीबाहेर, पलीकडच्या फाट्यावर सोडायच्या, हे कोण करतं? पलीकडचे आपल्या हद्दीत सोडतात, आपण त्यांच्या. सहा-आठ महिन्यांत त्या माद्या व्यायला लागतात, आणि मग आपणच निवेदन घेऊन पंचायतीत जातो.

होत नाही असं नाही. शेजारच्या गोव्यानं वर्षानुवर्षं कुत्र्यांना सामुदायिक लसीकरण केलं, शाळाशाळांतून पोरांना शिकवलं, आणि 2021 मध्ये तिथल्या सरकारनं राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. तिथली कुत्री काही वेगळी नाहीत.

माझं मागणं साधं आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटारासोबत एक विषय घ्या: वर्षातून एक दिवस पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावून गावातल्या सगळ्या कुत्र्यांना, पाळीव आणि मोकाट, रेबीजची लस. पाळीव कुत्र्यांची नोंद पंचायतीत. आणि माद्यांची नसबंदी, पोत्यात भरून सोडणं बंद.

ते होईल तेव्हा होईल. आज दारात पिल्लू असेल तर त्याचं वय मोजा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन लावा. माझ्या दारातली रिकामी साखळी अजून तशीच टांगलेली आहे. पोरगं विचारतं, नवीन पिल्लू कधी आणायचं. या वेळी आधी डॉक्टर, मग पिल्लू, असं ठरलंय.

पटलं तर पुढं पाठवा. नाय पटलं तर समोर येऊन भांडा, चहा पाजतो.