पाकिटातले जिवंत खत

मी कारकून माणूस, शेतीतला तज्ज्ञ नव्हे. गावी मोठ्या भावाकडे दोन एकर कोरडवाहू आहे, म्हणून हे लिहितो.

मागे एकदा तुरीसाठी त्याने रायझोबियमचे पाकीट आणले आणि पत्र्याखालच्या खुंटीला टांगले. मे महिन्याचे ऊन! पेरणीच्या दिवशी बियाण्याला आधी हे जिवाणू चोळले आणि वरून बुरशीनाशकाची भुकटी. दीड महिन्याने रोप खणून पाहिले. मुळांवर गाठी तुरळक, त्याही आतून पांढरट.

"पाकीटच बोगस," दादा म्हणाला. मी तारीख पाहिली. मुदत शिल्लक होती. बहुधा आपणच त्यांना मारले होते.

हवेत १०० पैकी ७८ भाग नत्र असतो, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे हे जिवाणू तो पिकाला वापरता येईल असा करून देतात. हॉलंडच्या बायरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ साली ते गाठींतून वेगळे काढले. काम करणारी गाठ कापली की आतून गुलाबी दिसते. रोप मात्र उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात.

तुरीच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून थंड करावा, त्यातले लागेल तेवढेच पाणी घेऊन जिवाणू हलक्या हाताने बियाण्याला लावावेत, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचेच असेल तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. सोयाबीनचे पाकीट तुरीला चालत नाही, हेही दुकानात बजावून सांगा. ज्वारीला गाठी येत नाहीत, तिच्यासाठी अॅझोटोबॅक्टर.

रोगासाठी स्युडोमोनास नावाचा दुसरा जिवाणू मिळतो, किलोला १० ग्रॅम. तो मुळाभोवती आधीच ठाण मांडतो आणि मर रोगाच्या बुरशीला जागा व अन्न मिळू देत नाही. वाळू लागलेले झाड मात्र त्याने उठत नाही. (ट्रायकोडर्मालाही लोक जिवाणू म्हणतात, ती उपकारक बुरशी आहे.)

पुढच्या सालापासून पाकीट वहिनीच्या ताब्यात गेले. ती ते आतल्या खोलीत, माठाशेजारी ठेवते. दादा एवढेच म्हणाला, "अरे, हे आधी सांगायचं होतंस."